भटकभवानीचं बिऱ्हाड

मंगळवारी सकाळी परीक्षकांचं तिसरं पत्र वाचून झालं आणि ताईनं चष्मा काढून टेबलावर आपटला. चष्मा फुटला नाही. फुटला असता तर निदान दिवसभर काही वाचायचं नाही म्हणून घरी तरी जाता आलं असतं.

ताई गोगलगायींवर संशोधन करायची. वय अठ्ठेचाळीस, त्यातली पंचवीस वर्षं ओल्या भिंती, कुजकी पानं आणि दगडांच्या खालच्या बाजू बघण्यात गेलेली. संस्थेत सगळेच तिला ताई म्हणत, अगदी संचालकसुद्धा, आणि म्हणूनच बहुधा पगारवाढीची गोष्ट निघाली की घरच्या माणसाशी बोलावं तसं बोलत: पुढच्या वर्षी बघू.

सध्या तिच्या मानगुटीवर बसलेला पेपर असा होता. जमिनीवर राहणाऱ्या एकेचाळीस जातींच्या गोगलगायी घ्यायच्या, त्यांचा डीएनए वाचायचा, आणि कोण कोणाची सख्खी, कोण चुलत, कोण नुसतीच ओळखीची, हे ठरवून त्यांचा वंशवृक्ष मांडायचा. चाळीस जाती शहाण्या मुलींसारख्या आपापल्या फांदीवर बसल्या होत्या. एकेचाळिसावी काही केल्या बसेना. ती होती सहा मिलिमीटर लांब, पिवळट, पाठीवर शंखाचा नावापुरता तुकडा असलेली, आणि दुसऱ्या गोगलगायी मारून खाणारी. गणिताचं एक मॉडेल लावलं की ही बया शिकारी गोगलगायींच्या घरात जाऊन बसायची. दुसरं लावलं की पानं खाणाऱ्या साध्या बागगोगलगायींच्या घरात. म्हणून संगणकाचं काम करणाऱ्या सहकाऱ्यानं तिचं नाव ठेवलं होतं भटकभवानी. खरं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, ते आता फक्त कागदावर उरलं होतं.

त्या सहकाऱ्यालाही खरं नाव होतं, पण त्याला सगळे रनवाला म्हणत. त्याच्या संगणकावर सतत कसलं ना कसलं गणित चालू असायचं, त्यामुळे काही विचारलं तरी त्याचं उत्तर एकच असे: "रन चालू आहे." जेवायला येतोस का? रन चालू आहे. लग्नाला का नाही आलास? रन चालू होता.

"काय म्हणतोय आपला दोन नंबरचा परीक्षक?" त्यानं दारातूनच विचारलं.

"तूच वाच." ताईनं संगणकाचा पडदा त्याच्याकडे फिरवला. "म्हणे, लेखकांनी निवडलेलं मॉडेल पुरेसं गुंतागुंतीचं नाही."

"पहिल्या पत्रात म्हणाला होता अनावश्यक गुंतागुंतीचं आहे."

"दुसऱ्यात म्हणाला होता, डेटा वाढवा. आता म्हणतोय, डेटा कमी करा. आणखी थोडं थांबलो तर म्हणेल, गोगलगायी सोडा, खेकडे घ्या!"

मॉडेल म्हणजे इथे काही मोठं गूढ नव्हतं. डीएनए ही चार अक्षरांची लांबच लांब ओळ. पिढ्यानपिढ्या नक्कल करताना त्यात अक्षरं चुकतात. कुठली अक्षरं किती वेगानं चुकतात याबद्दल आधी काहीतरी गृहीत धरल्याशिवाय, आज दिसणाऱ्या ओळींवरून जुनं नातं काढता येत नाही. ते गृहीत धरणं म्हणजे मॉडेल. साधं मॉडेल म्हणतं, सगळी अक्षरं साधारण एकाच वेगानं बदलतात. भारी मॉडेल म्हणतं, छे, प्रत्येक जागेचा स्वभाव वेगळा. साधं मॉडेल दुपारच्या चहापर्यंत उत्तर देतं. भारी मॉडेल तीन-तीन आठवडे सर्व्हर अडवून ठेवतं आणि मधेच वीज गेली तर येरे माझ्या मागल्या.

डेटाची तऱ्हा आणखी निराळी. काही जागा इतक्या वेगानं बदलतात की जुना ठसा केव्हाच पुसला जातो. पाटीवर शंभरदा लिहून शंभरदा पुसलं की पहिल्यांदा काय लिहिलं होतं ते कोण सांगणार? अशा जागा वगळाव्यात म्हणावं, तर एक म्हणतो वगळा, दुसरा म्हणतो ठेवा, आणि दोघांकडेही त्यासाठी तीन-तीन पेपरांचे दाखले तयार असतात.

आठ महिने हेच चाललं होतं. त्या आठ महिन्यांत रनवाल्यानं तेवीस प्रकारची मॉडेलं लावली होती. अकरा म्हणाली शिकारी, बारा म्हणाली बाग.

"क्रिकेटची मॅच असती तर आपण जिंकलो असतो," रनवाला म्हणाला.

"आपण" म्हणजे बाग. कारण चौदा वर्षांपूर्वी ताईनंच पहिल्यांदा या जातीचा डीएनए वाचून जाहीर केलं होतं की ही शिकारी गोगलगायींपैकी नव्हेच. ही बागेतल्या गोगलगायींची बहीण, शिकार करायला स्वतंत्रपणे शिकलेली. तो पेपर गाजला. त्याच्याच जोरावर तिला ही नोकरी, ही खोली आणि खोलीतली गळकी खिडकी मिळाली होती. आणि त्या पेपरानं ज्यांचं म्हणणं खोडून काढलं होतं, ते होते सर. तिचे स्वतःचे मार्गदर्शक.

त्यामुळे कोणतं मॉडेल लावावं याचा वाद निघाला की ताई नेहमी शास्त्रीय कारणंच द्यायची, आणि ती कारणं चांगलीच असायची. फक्त ती नेमकी बागेकडे बोट दाखवणाऱ्या मॉडेलांच्या बाजूनं कशी निघतात, हे तिनं स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

सरांना निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी ते रोज सकाळी दहाला येत. खोली काढून घेतली तेव्हा त्यांनी भांडण केलं नाही. जिन्याखाली एक टेबल मांडलं, त्यावर आपला जुना सूक्ष्मदर्शक ठेवला आणि बसू लागले. हटवायची कुणाची छाती झाली नाही. तीस वर्षांपूर्वी त्यांनी नुसते दात मोजून भटकभवानीला शिकारी घरात ठेवलं होतं. गोगलगायीच्या जिभेवर बारीक दातांच्या शेकडो ओळी असतात. सर त्या ओळी मोजत.

त्या दिवशी दुपारी तिघं बसले. बसले म्हणजे सर बसले, रनवाला टेबलाला टेकला आणि ताई येरझाऱ्या घालत राहिली.

"आणखी एक मॉडेल आहे," रनवाला म्हणाला, "नवीन. पाच आठवडे लागतील, पण..."

"पाच आठवडे!"

"साडेचार."

"अरे, तेवीस झाली. चोविसावं काय आकाशातून पडणार आहे? आणि ते शिकारी म्हणालं की बारा-बारा. मग काय, नाणं उडवायचं?"

"माझ्या वेळी," सर म्हणाले, आणि ताईनं डोळे मिटले, "माझ्या वेळी एक जात एका जागी बसत नसली की आम्ही त्या जातीकडे बघायचो. तुम्ही गणिताकडे बघता."

"सर, दात मोजायचे दिवस गेले आता."

हे तिला म्हणायचं नव्हतं, पण तोंडून गेलं. सर चहाचा कप उचलून जिन्याखाली निघून गेले. रनवाल्यानं एकदम खिशातला फोन काढून त्यात बघायला सुरुवात केली, जणू फोनमध्ये काही होतं.

संध्याकाळी घरी ताईनं ही सगळी कटकट नवऱ्याच्या कानावर घातली. नवरा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून अनोळखी माणसांच्या हातात जीव द्यायचा त्याचा धंदा, त्यामुळे त्याची सहनशक्ती गावाबाहेरच्या टाकीएवढी होती. तो भांडी विसळत ऐकत राहिला.

"म्हणजे," शेवटी तो म्हणाला, "गाडी एकदा डावीकडे जाते, एकदा उजवीकडे."

"हो."

"आणि तुम्ही आठ महिने वेगवेगळे ड्रायव्हर बसवून बघताय."

"अरे, तसं नाही ते..."

"बॉनेट उघडून बघितलं का?"

ताईला इतका राग आला की ती बाल्कनीत जाऊन उभी राहिली. ज्या माणसाला जीन म्हणजे पँट एवढंच ठाऊक, त्यानं बॉनेट उघडायला सांगावं! पण बॉनेट खरंच उघडलं नव्हतं. दोनशे बारा जीन होते, ते सगळे एका प्रोग्रॅममध्ये ओतले जात, प्रोग्रॅम ते जुळवी, दुसरा प्रोग्रॅम छाटी, तिसरा झाड काढी. माणसाच्या डोळ्यांनी त्या ओळी अशा कुणीच बघितल्या नव्हत्या. दोनशे बारा जीन कोण बघत बसणार?

ताई बघत बसली. दुसऱ्या दिवसापासून दार लावून, एकेक जीन सुटा काढून, प्रत्येकाचं वेगळं झाड करून, त्यात भटकभवानी कुठे बसते ते वहीत लिहीत. रनवाल्यानं दोनदा दारावर टकटक केली. "एका ओळीत करून देतो ना ताई, स्क्रिप्ट लिहून." तिनं त्याला हाकललं. तिला आकडे नको होते, ओळी बघायच्या होत्या. पहिल्या दिवशी मान धरली. तिसऱ्या दिवशी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. सातव्या दिवशी ती एका जीनवर येऊन थांबली, मागचे पन्नास पुन्हा उघडले, वही समोर ठेवली, आणि दोन रकाने आखून मोजायला लागली.

एकशे अठरा जीन म्हणत होते शिकारी. चौऱ्याण्णव म्हणत होते बाग. यात नवल नव्हतं. असं काहीतरी असणारच. नवल हे की डगमगणारा एकही नव्हता. नातं जुनं असलं, ठसे पुसट झाले असले, की जीन चाचरतात. हे असेल, तेही असेल, असं बोलतात. इथे प्रत्येक जीन कोर्टात शपथ घेतल्यासारखा ठाम होता. एकाच माणसाबद्दल दोन साक्षीदार इतक्या ठामपणे दोन गोष्टी सांगत असतील, तर एक तरी खोटं बोलतोय; नाहीतर माणसंच दोन आहेत.

बागवाल्या चौऱ्याण्णवांतला एक जीन तिनं उचलला आणि जगभरचे लोक आपापला डीएनए जिथे जमा करतात त्या खुल्या संग्रहात टाकला. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं. सहाशे साठपैकी सहाशे साठ अक्षरं जुळली. कुणाशी? तर बागेतल्या कुंड्यांखाली शेकड्यांनी सापडणाऱ्या एका बारक्या तपकिरी गोगलगायीशी. इतकी सामान्य जात की एकेचाळिसांच्या यादीत घ्यावी असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिनं दुसरा जीन टाकला. तीच. तिसरा. तीच.

चौदा वर्षांपूर्वी त्या संग्रहात ही तपकिरी गोगलगाय नव्हती. त्यानंतर कुणीतरी कधीतरी जमा केली असणार. ताईनं मात्र पुन्हा तपासलं नव्हतं. कशाला तपासेल? उत्तर तर मिळालं होतं, आणि मनासारखं मिळालं होतं.

सरांनी दात मोजले त्या जुन्या जीवाचे काचपट्टीवरचे दात तेवढे उरले होते; त्यानंतर भटकभवानी एकदाच सापडली होती, एकच जीव. नव्या कामासाठीही डीएनए त्याच जुन्या नळीतला वापरला होता. उरलेलं शरीर तळघरातल्या संग्रहात, बरणीत होतं.

तळघर बरणीबाईंच्या ताब्यात. अकरा हजार बरण्या, प्रत्येकीत स्पिरिटमध्ये बुडवलेलं काही ना काही, आणि त्या सगळ्यांवर या एकट्या बाईंची नजर. त्या कुणाला काही देत नसत असं नाही. देत, पण घेणाऱ्याला आपण चोर आहोत असं वाटल्याशिवाय देत नसत.

"नोंदवहीत सही करा. वेळ लिहा. पेन इथलंच वापरा."

"बाई, माझाच नमुना आहे तो."

"इथे आला की कुणाचा नसतो."

बरणी अंगठ्याएवढी होती. आतल्या चिठ्ठीवर ताईचंच अक्षर, चौतीस वर्षांच्या वयातलं, टपोरं, आत्मविश्वासानं भरलेलं. तिनं सूक्ष्मदर्शकाखाली तो पिवळट जीव ठेवला आणि बघितलं. डोकं शाबूत होतं. पायाची, म्हणजे खालच्या सरपटत्या तळव्याची, कडा शाबूत होती. मधला तुकडा कापलेला होता.

सरांनी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, तुकडा नेहमी पायाच्या कडेचा घ्यायचा. पण जीव सहा मिलिमीटरचा, कडा म्हणजे केसाएवढी, आणि पुरेसा डीएनए मिळाला नाही तर पुन्हा जीव कुठून आणणार, म्हणून तिनं जाड भाग बघून मधूनच कापलं होतं. मधे असतं पोट.

कापलेल्या जागेच्या कडेला काहीतरी चमकलं. तिनं सुईनं हळूच सरकवलं. तपकिरी शंखाचा इवलासा तुकडा होता, कडा विरघळलेल्या.

गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात. हिच्या पोटात अख्खी दुसरी गोगलगाय होती. ताईनं चौदा वर्षांपूर्वी हिचा डीएनए वाचलाच नव्हता. हिचं जेवण वाचलं होतं. आणि आता नव्या, ताकदवान यंत्रानं दोघींचाही वाचला, काही जीन खाणारीचे, काही खाल्लेलीचे, आणि प्रोग्रॅमनं बिनदिक्कत एकत्र शिवून दिले. त्या गोधडीचं खरं घर कुठलं, हे तेवीस काय, तेवीसशे मॉडेलांना विचारलं असतं तरी काय सांगणार होती बिचारी?

"झालं का?" बरणीबाईंनी विचारलं. "साडेपाचला कुलूप लावते मी."

"झालं," ताई म्हणाली. तिला हसायला येत होतं आणि कुणाच्या तरी मुस्कटात मारावंसं वाटत होतं, आणि मुस्कट जवळ होतं ते स्वतःचंच.

दुसऱ्या दिवशी तिनं रनवाल्याला सांगितलं. रन चालू आहे असंसुद्धा म्हणाला नाही.

"वगळू या ना," शेवटी तो म्हणाला. "चाळीस जाती पुरे. लिहू, एकेचाळिसावीचा डेटा समाधानकारक नाही. सगळेच करतात. दोन नंबर खूश होईल, पेपर आठवड्यात जाईल."

"आणि जुना पेपर?"

"जुन्याबद्दल कोण विचारतंय?"

खरंच कुणी विचारत नव्हतं. ताईनं दोन दिवस त्या वाक्याला धरून काढले. चाळीस जाती, सुंदर झाड, कुठे गुंता नाही. तिनं वाक्य लिहूनही बघितलं: एका जातीचा डेटा अपुरा असल्यामुळे. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि ते अख्खं वाक्यच खोटं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती जिन्याजवळून जाताना सर कुणातरी नव्या विद्यार्थिनीला सांगत होते, "नाही, भटकभवानी शिकारी घरातली नव्हे. माझं चुकलं होतं, ताईनं दुरुस्त केलं. तिचा पेपर वाच." ताई तशीच पुढे गेली, खोलीत शिरली आणि ते वाक्य पुसून टाकलं.

मग बरणीबाईंकडे पुन्हा जाणं आलं. या खेपेला पायाच्या कडेचा तुकडा हवा होता.

"नाही."

"बाई, केसाएवढा."

"एकच नमुना आहे. एकदा दिला तर मधोमध कापून ठेवलात. आता पाय द्यायचा, उद्या डोकं मागाल."

"म्हणूनच मागतेय. मी चुकीचा कापला होता."

बरणीबाईंनी चष्म्यावरून बघितलं. इतक्या वर्षांत तळघरात येऊन असं कुणी म्हणालं नव्हतं बहुधा. तरी त्यांनी तीन पानी अर्ज भरून घेतला, संचालकांची सही आणायला लावली, संचालक दौऱ्यावर होते म्हणून नऊ दिवस गेले, आणि शेवटी तुकडा त्यांनी स्वतःच कापून दिला. ताईच्या हातात कात्री द्यायला तयारच होईनात.

पाच आठवड्यांनी नवा डेटा आला. रनवाल्यानं सगळ्यात साधं मॉडेल लावलं. चाळीस मिनिटं. शिकारी. मधलं लावलं. शिकारी. वेगानं बदलणाऱ्या जागा ठेवल्या, काढल्या, अर्ध्या ठेवल्या. शिकारी, शिकारी, शिकारी. तरी त्यानं हट्टानं सगळ्यात भारी मॉडेल तीन आठवडे चालवलंच, आणि निकाल आल्यावर मान खाली घालून येऊन म्हणाला, "तेच." आठ महिने त्यांनी जे भांडण मॉडेलांशी केलं होतं ते मॉडेलांचं नव्हतंच. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे अंगण आणि नाचणारी दोघंही ठीक होती, घुंगरूच दुसरीचे बांधले होते.

राहता राहिलं सरांना सांगणं.

ती अकराच्या सुमारास जिन्याखाली गेली. सर सूक्ष्मदर्शकात बघत होते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून तिनं उभ्याउभ्या सांगून टाकलं: नमुना, मधला तुकडा, पोट, शंख, नवे निकाल. "तुमचं बरोबर होतं, सर. चौदा वर्षं मी चूक होते."

सरांनी नळीवरून डोळा काढला नाही. "पायाची कडा," ते म्हणाले. "मी सांगितलं होतं."

"हो."

"पहिल्या वर्षी."

"हो, सर."

तिला वाटलं आता ते चिडतील, किंवा हसतील, काहीतरी होईल आणि एकदाचं सुटेल. सर मान वर करून म्हणाले, "पण माझं बरोबर नव्हतं."

"म्हणजे?"

"मी दातांवरून ठरवलं होतं. सुरीसारखे दात, म्हणून शिकारी घरातली. पण मांस खाणाऱ्या कुणाचेही दात हळूहळू सुरीसारखेच होणार. त्यावरून नातं ठरत नाही. तुझा पेपर वाचल्यावर हे माझ्या ध्यानात आलं. उत्तर बरोबर आलं ते नशिबानं. कारण चुकीचंच होतं."

ताईचा संयम तिथे संपला. "सर! अहो, मी चौदा वर्षांची चूक घेऊन आलेय. निदान जिंका तरी!"

जिन्यावरून उतरणारा कारकून दचकून थांबला. सर हलक्या आवाजात म्हणाले, "चौदा वर्षांपूर्वीच्या त्या परिषदेत तू माझ्यानंतर बोललीस. लोक हसले होते, आठवतं? तुला नव्हते हसले."

"आठवतं."

"वाईट वाटलं होतं मला. फार वाटलं होतं." त्यांनी चष्मा पुसला. "आता तेवढं वाटत नाही. पण वाटलं नव्हतं असं मी म्हणणार नाही."

"मला माफ करा" वगैरे शब्द ताईला फार फुटकळ वाटले. ती खाली, पायरीवर बसली. कारकुनाला वाट द्यायला दोनदा उठावं लागलं, तरी बसून राहिली.

नंतरचं काम कंटाळवाणं होतं आणि ते सगळं तिनं केलं. जुना पेपर मागे घेण्याचं पत्र नियतकालिकाला लिहिलं. त्या पेपरावर विसंबून सात जणांनी आपली झाडं उभी केली होती, त्या सातही जणांना सुटं सुटं पत्र लिहिलं. चौघांनी उत्तर दिलं नाही. एकानं फक्त "कळलं" लिहिलं. एका बाईनं तीन पानं झोडपलं. तिच्या विद्यार्थ्याचा अख्खा प्रबंध त्यावर होता. सातव्यानं आभार मानले आणि विचारलं की आपल्याकडच्याही शिकारी जातींचे नमुने कुठून कापले होते ते आता तपासावं काय. ताईनं लिहिलं: तपासाच.

पण एका जीवाच्या केसाएवढ्या तुकड्यावर पुन्हा डोलारा उभा करायची तिची छाती नव्हती. दुसरा नमुना हवा होता. म्हणून पुढच्या ओल्या हंगामात, बरणीतला जीव जिथे सापडला होता त्याच डोंगरउतारावर ती गेली, आणि नको नको म्हणत असताना सरही आले. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, पण पिशवी स्वतःच धरणार. "दगड असा उचलू नकोस. अगं, तुझ्याकडे उचल, पलीकडे नाही. खालचं बिचारं उन्हात पडतं." तीन दिवस हे चाललं. "ते पान बघितलंस का? मागून बघितलंस का?" तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताईनं मनातल्या मनात त्यांना दोनदा दरीत ढकललं होतं.

मग सरांनीच एका सडक्या ओंडक्याखालून दोन शोधून काढल्या. पिवळट, सहा-सात मिलिमीटरच्या, शेजारीशेजारी.

ताईनं हात पुढे केला, स्पिरिटची नळी काढली. सरांनी तिचं मनगट धरलं.

"आत्ता नाही. पोट भरलेलं असेल."

दोघींना ओलसर कापूस घातलेल्या वेगवेगळ्या डब्या मिळाल्या, खायला काहीही नाही. चार दिवस उपाशी ठेवायच्या, रोज डबी पुसायची, विष्ठा पडली का ते बघायचं, आणि पोट साफ रिकामं झाल्याशिवाय हात लावायचा नाही. परतीच्या गाडीत डब्या ताईच्या मांडीवर होत्या. सर दर दहा मिनिटांनी विचारत होते, झाकणाला भोकं पाडलीस ना? आणि ताई दर वेळी दात आवळून म्हणत होती, "हो सर. पाडली. मघाशीच पाडली."